खोपा कुणी बांधला?

बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता शिकवायची म्हटले की माझी छाती अजूनही जराशी फुगते. अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. त्यातल्या बहुतेक वर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गाला ही कविता मी वाचून दाखवली आहे. अभ्यासक्रमात होती तेव्हा कर्तव्य म्हणून, आणि नव्हती तेव्हा हौस म्हणून. फळ्यावर एक लोंबता खोपा काढायचा, त्याच्या शेजारी चिमणीएवढी एक पक्षीण काढायची (ती दरवर्षी कावळ्यासारखी दिसते, तो भाग सोडा!), आणि मग आवाज थोडा खाली आणून मातेच्या वात्सल्याविषयी बोलायचे. मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा त्या दिवशी गप्प बसतात.

२०२३ च्या जुलैत मात्र हा प्रयोग फसला. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. अलिबागकडच्या एका खेड्यातली, शिक्षणासाठी मामाकडे येऊन राहिलेली. तोवर वर्गात ती एकदाही बोललेली नव्हती.

"सर, पण खोपा तो बांधतो."

"तो म्हणजे कोण?"

"नर. पिवळ्या डोक्याचा. आमच्या शेताच्या बांधावर बाभूळ आहे, तिच्यावर दरवर्षी असतात. मादी नुसती येऊन बघून जाते."

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अगं, कवितेत पक्षिशास्त्र शोधायचं नसतं." हे वाक्य आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना फार उपयोगी पडते. ते म्हटले की समोरचा माणूस आपण काहीतरी असंस्कृत बोललो अशा चेहऱ्याने खाली बसतो. तीही बसली. पण घरी जाताना लोकलच्या गर्दीत मला राहून राहून वाटत होते की, त्या पोरीने कवितेविषयी काही विचारलेच नव्हते. तिने पक्ष्याविषयी सांगितले होते, आणि मी अठरा वर्षांत एकदाही तो पक्षी धड पाहिलेला नव्हता.

खरे तर चूक एकट्या माझी नव्हे. आपल्या भाषेनेच या पाखराचा निकाल आधी लावून ठेवला आहे. सुगरण! म्हणजे सुगृहिणी. नावातच ती बाई आहे, घर सांभाळणारी आहे आणि कामात वाकबगार आहे. पुरणपोळी साधली की आपण घरातल्या बाईला सुगरण म्हणतो आणि खोपा पाहिला की पाखराला. पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला घर बांधण्याचा उपदेश करून स्वतःचे घर गमावून बसलेल्या पाखराची जुनी गोष्ट आपण मुलांना सांगतो, तेव्हाही डोळ्यांपुढे सुगरणच असते, आणि ती स्त्रीलिंगीच. 'सुगरण्या' असा शब्द मराठीत कुणी कधी वापरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. व्याकरणाने ज्याला जागाच ठेवली नाही, तो नर विहिरीवरच्या फांदीवर दिवसभर गवत विणत असला तरी दिसणार कुणाला?

तो ज्यांना दिसला त्यांची हकीकत मला आमच्या ग्रंथालयात सापडली. डॉ. सालिम अली हे नाव आपल्याला पांढऱ्या दाढीच्या, गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या वृद्ध पक्षितज्ज्ञाचे म्हणून ठाऊक असते. मला भेटले ते त्यांच्या १९८५ साली निघालेल्या आत्मचरित्रातले तेहेतीस-चौतीस वर्षांचे, नोकरी गेलेले सालिम अली.

त्यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. आईबाप लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. खेतवाडीतल्या घरी असताना दहा वर्षांच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एका चिमणीच्या घरट्याजवळचा नर टिपला. मादी आत अंड्यांवर बसलेली. थोड्याच वेळात तिच्याजवळ दुसरा नर येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा हजर! आठवडाभरात आठ नर गेले आणि प्रत्येक वेळी घरट्यापाशी नवा नर येऊन बसला. आजच्या कानाला हे क्रूर वाटेल, आणि ते क्रूरच होते. पण मौज अशी की त्या मुलाने हे सारे वहीत टिपून ठेवले. पुढे त्याच बंदुकीने पडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी घेऊन तो 'बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या दारात गेला, आणि तिथले सचिव मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. तिथून पुढे त्याचे आयुष्य पक्ष्यांचे झाले.

पण पक्ष्यांवर पोट कसे भरायचे? रीतसर विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. (आम्ही पदवीधर माणसे पदव्यांची सर्टिफिकिटे चौकटीत घालून भिंतीवर लावतो, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये प्रेक्षकांना माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. ती करताना आपले शिक्षण अपुरे आहे असे वाटून ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या थोर पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली. पैसा नाही, असे कारण. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी मुंबई सोडली आणि कुलाबा जिल्ह्यात, आताच्या रायगडात, अलिबागेजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन बिऱ्हाड थाटले.

ते १९३० साल होते हे विसरू नये. त्याच पावसाळ्याच्या शेवटी, त्याच कुलाबा जिल्ह्यात, चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे पडली. देश पेटलेला, स्वतःला नोकरी नाही, आणि हा गृहस्थ किहीमला झाडाजवळ आडोसा करून पाखरे पाहत बसलेला! शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल त्याची कल्पना आपण प्रत्येकाने आपापल्या सासुरवाडीवरून करावी. तेहमिनाबाईंनी मात्र नवऱ्याच्या या वेडाला कायम साथ दिली. पुढे नऊ वर्षांनी, १९३९ मध्ये, एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या.

घराजवळच सुगरणींची एक वसाहत होती. घरट्यांच्या जवळ लपून, रोज, तासन् तास, एकेका घरट्यावर नजर ठेवून त्यांनी नोंदी केल्या. बाकी साधने म्हणाल तर वही, पेन्सिल आणि भरपूर रिकामा वेळ. बेकारीचे हे भांडवल त्यांनी जसे वापरले तसे फार थोड्यांनी वापरले असेल. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात सुगरणीच्या वीणसवयींवरचा त्यांचा निबंध छापून आला आणि तोवरचे बरेचसे समज त्याने मोडीत काढले.

तोवर लोक काय समजत होते? सुगरणीच्या झाडावर पूर्ण घरट्यांबरोबर काही अर्धवट घरटीही लोंबत असतात. वर घुमट, खाली आडवी पट्टी, आणि खालून सारे उघडे. ही म्हणे नराची बैठक. मादी अंडी उबवीत असताना त्याने तिथे झोके घ्यावेत आणि गाणे म्हणून तिचे मन रिझवावे. समज मोठा गोड आहे आणि आपल्या चित्रपटांना साजेसा आहे. किहीमच्या झाडावर जे दिसले ते याहून फार वेगळे होते.

पाऊस सुरू झाला की नराच्या डोक्यावर आणि छातीवर झळझळीत पिवळा रंग चढतो, चेहरा काळपट होतो. एरवी नर आणि मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे मातकट. मग नर एखादी बाभूळ, शिंदी किंवा ताड पकडतात, शक्यतो पाण्यावर झुकलेला. भाताच्या किंवा गवताच्या पात्यावर बसून नर बुडाशी चोचीने खाच पाडतो, ती कड चोचीत धरतो आणि वर उडतो. सर्रकन पट्टी सोलून निघते. तळहाताएवढीपासून हातभर लांबीपर्यंतच्या अशा ओल्या पट्ट्या आणून तो फांदीच्या शेंड्याला गाठी मारतो, पीळ देतो, देठ विणतो, देठाखाली कडे विणतो, कड्यावर घुमट चढवतो. एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होतात. पूर्ण घरट्याला सुमारे अठरा दिवस लागतात, आणि त्यांतले आठेक दिवस टोपासारख्या त्या अर्धवट अवस्थेपर्यंत येण्यात जातात.

आणि इथे काम थांबते. कारण आता पाहुण्या यायच्या असतात.

माद्यांचा थवा झाडावर उतरला की साऱ्या वसाहतीत एकच गडबड उडते. प्रत्येक नर आपल्या टोपाला लटकून पंख फडफडवतो, चिटचिटाट करतो. माद्या एकेका टोपात शिरतात, इथे ओढून पाहतात, तिथे टोचून पाहतात. पसंत पडले तर ठरले. मग नर उरलेले घर पुरे करतो: एका बाजूला अंड्यांसाठी फुगीर खोली, दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी नळी. आतली थोडीफार साफसफाई आणि अस्तर एवढेच मादीचे. पसंत पडले नाही तर तो टोप तसाच राहतो. आपण ज्याला नवरोबांचा झोपाळा समजत होतो, ते नाकारलेले घर होते!

वाचून झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीची माफी मागितली. माझ्या हातून हे सहज घडले असे नाही. दारापर्यंत जाऊन एकदा परत आलो होतो. ती संकोचून म्हणाली, "सर, लावणी झाली की या ना गावी. बाबांनी बोलावलंय." बाबांना तिने काय सांगितले असेल, देव जाणे.

ऑगस्टमध्ये गेलो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, म्हणून एस.टी.ने वडखळमार्गे. सौभाग्यवतीही बरोबर होत्या. मला एकट्याला पावसात बसू देण्याची त्यांची तयारी नव्हती. भाताच्या खाचराला लागून एक तळी, तिच्यावर ओणवलेली बाभूळ, आणि तिला चौदा खोपे. काही वाळून सोनेरी पडलेले, काही इतके ताजे हिरवे की झाडालाच फुटले असावेत. छत्री धरून बांधावर बसलो. पहिला तासभर मला सगळी पाखरे सारखीच दिसली. दुसऱ्या तासाला एक नर ओळखू येऊ लागला, कारण तो सगळ्यांत खालच्या फांदीला होता आणि त्याचा टोप जरा तिरका होता.

साडेआठाच्या सुमारास माद्या आल्या. चार की पाच, नीट मोजता आले नाही. झाडावर जो कल्लोळ उसळला तो ऐकून सौ. म्हणाल्या, "अहो, हे तर कांदेपोह्यांचं घर झालं!" एक मादी माझ्या तिरक्या टोपवाल्याकडे गेली. आत शिरली. बाहेर आली. दोन पाती ओढून पाहिली. उडून वरच्या फांदीवर गेली. थोड्या वेळाने दुसरी आली. तिने एवढेही केले नाही. तिसरी तर फिरकलीच नाही. पाऊण तासाने थवा निघून गेला तेव्हा वरच्या दोन घरांच्या कामाला जोर चढला होता आणि माझा नर पट्टीवर बसून होता. मग तो उडाला आणि परत आला तेव्हा त्याच्या चोचीत एक लांब हिरवी पट्टी होती.

मुलीचे वडील मागे येऊन उभे होते. म्हणाले, "त्याचं काय जमायचं नाय सर. घर चांगलं बांधलंय, पण स्थळ पसंत नाय."

त्यांनी विनोद केला असे मला वाटले. पण मुंबईला परतल्यावर कळले की चालू शतकातल्या एका अभ्यासात नेमके हेच निघाले आहे: मादी घराच्या विणीपेक्षा घराची जागा अधिक पाहते. घर उंचावर आहे का, बारीक फांदीला आहे का, झाड काटेरी आहे का. म्हणजे साप, सरडा, कावळा यांना पोचायला अवघड. 'स्थळ' या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ इतके चपखल एकत्र आलेले मी याआधी पाहिले नव्हते.

या पाखरावरचे काम किहीमला संपले नाही. सालिम अलींच्याच हाताखाली तयार झालेल्या डॉ. वि. चिं. आंबेडकर यांनी सुगरणीच्या कुळावर प्रबंध लिहिला, आणि १९६४ साली मुंबई विद्यापीठाने तो प्रसिद्ध केला. खोप्याच्या आतल्या भिंतीवर ओल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात. रात्री उजेडासाठी त्यात काजवे खोचतात, अशी आपली लोककथा. काजवे काही कुणाला सापडले नाहीत; वाऱ्यात हलक्या टोपाला थोडे वजन मिळावे म्हणून हा चिखल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला काजव्यांची हळहळ वाटली, हे कबूल करतो. आणखी एक गोष्ट: विणण्याची ही कला पक्षी जन्मतःच घेऊन येतो असे आपण म्हणतो. अमेरिकेतल्या कोलियास दांपत्याने आफ्रिकेतल्या एका विणकर पक्ष्याची पिले गवतापासून दूर ठेवून वाढवली. मोठे झाल्यावर त्या नरांना धड विणता येईना. ओढ जन्माची असते, पण हात बसतो तो सरावानेच. त्यांचा हा निबंधही १९६४ चाच.

आता उरला खरा प्रश्न. हा नर एवढा खपतो तो पिलांसाठी का? इथेही किहीमच्या वहीने आपली निराशाच केली आहे. मादी आत दोन ते चार पांढरी अंडी घालून बसली की हे महाशय जवळच दुसरे घर बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. जमले तर तिसरे. शास्त्रज्ञ याला क्रमाने केलेले बहुपत्नीत्व म्हणतात. अंडी उबवण्याचे चौदा ते सतरा दिवस आणि पिले उडेपर्यंतचे पुढचे सुमारे तितकेच दिवस मादी बव्हंशी एकटी असते. नर कधी घास आणून देतोही, पण त्यावर भिस्त ठेवण्याजोगे काही नाही.

एस.टी.त हे सौ.ना सांगितले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "म्हणजे घर बांधून दिलं की याचं काम झालं!" एवढेच म्हणाल्या. पनवेलपर्यंत मी विषय काढला नाही.

आणि तेव्हाच मला बहिणाबाई वेगळ्या आठवल्या. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली, शेतात राबणारी बाई. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी मुले. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कविता छापून आल्या, तोवर त्या कवयित्री आहेत हे घराबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. अशा बाईने श्रावण-भाद्रपदात काम करता करता मान वर करून खोप्याकडे पाहिले असेल तेव्हा तिला काय दिसले असेल? बांधकामाचे दिवस संपलेले. पिवळ्या डोक्याचे धनी दुसऱ्या फांदीला. आणि एक मातकट पाखरू चोचीत किडा घेऊन नळीतून आत जाते आहे, बाहेर येते आहे, पुन्हा आत जाते आहे. तिने त्या पाखराचे घर त्या पाखराच्या नावावर लिहून टाकले.

इथे मी वकिली करतो आहे हे मला कळते. खोपा तिने टांगलेला नाही. तो नराने टांगला, आणि स्वतःच्या मतलबासाठी टांगला. कवितेतला तपशील चुकला आहे आणि वर्गात तसे सांगायला हवे. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे मान्य नाही. "उद्या तुम्ही चातकाची तहान मोजायला जाल," असे ते म्हणतात. जाईनही. चातक मी अजून पाहिलेला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी परत आली ती कागदात गुंडाळलेला एक वाळका टोप घेऊन. भात कापून झाल्यावर बाभळीखाली पडलेला सापडला म्हणाली. किंचित तिरका होता. तो आता आमच्या बाल्कनीत लटकतो आहे. साफसफाईच्या वेळी तो फेकून देण्याचा विषय दोनदा निघाला; दोन्ही वेळा सौ.नीच झटकून पुन्हा टांगला.

२०२४ च्या जुलैत पुन्हा ती कविता आली. या वेळी फळ्यावर मी दोन पाखरे काढली. दुसरेही कावळ्यासारखेच दिसू लागले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाला शिपायाकडून पिवळा खडू आणायला पाठवले.